सात पायऱ्या
(तृतीय वर्ष कला)

वसईत पाहुणा आला की त्याला दोन गोष्टी दाखवण्याचा आमच्याकडे प्रघात आहे. एक किल्ला आणि दुसरे आपापल्या गावचे चर्च. किल्ल्यातली चर्चे आज छपराविना उभी आहेत. त्यांच्या कमानींतून आभाळ दिसते आणि लग्नाआधीचे फोटो काढून घ्यायला मुंबईहून जोडपी येतात. गावातली चर्चे मात्र चालती-बोलती आहेत. पापडी, सांडोर, रमेदी, माणिकपूर, नंदाखाल ही नावे घेतली की डोळ्यांपुढे पांढरा उंच दर्शनी भाग, त्यावरचा क्रूस, शेजारचा घंटेचा मनोरा आणि समोरचे मोकळे अंगण उभे राहते. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजीआप्पांनी ती घेतली. या दोन सनांच्या दरम्यान यांपैकी बहुतेकांचा पाया पडला. पुढे इंग्रज आले, गेले, चर्चे राहिली. मूळची वास्तू कुठे ढासळली, कुठे वाढवली, कुठे नव्याने बांधली. पण रविवारची घंटा वाजायची थांबली नाही. एवढा अभिमान बाळगायला आम्हांला हक्क आहे आणि आम्ही तो यथेच्छ बाळगतोही.

या लेखात मला सांगायचे आहे ते पाहुण्याला न दिसणाऱ्या एका गोष्टीबद्दल. आमच्या चर्चचे जोते उंच आहे. समोरून आत जायला सात पायऱ्या आहेत. दगडी, रुंद, शेकडो वर्षांच्या पावलांनी मधोमध झिजलेल्या, आणि म्हणूनच पावसाळ्यात निसरड्या. त्यांना कठडा नाही. रविवारी सकाळच्या मिस्सेला या पायऱ्यांच्या खाली, भेंडीच्या झाडाजवळ, आठ-दहा प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या असतात. त्यांवर बसलेली माणसे चर्चच्या आत जात नाहीत. त्यांना जाता येत नाही. कोणाचे गुडघे गेलेले, कोणाला अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला, एक तरुण मुलगा चाकाच्या खुर्चीवर. माझी आजी गेली चार वर्षे त्यांच्यातच बसते. आत चाललेली प्रार्थना त्यांना मनोऱ्याला टांगलेल्या कर्ण्यातून ऐकू येते आणि त्याच कर्ण्यातून, रस्त्याने जाणाऱ्या रिक्षावाल्यालाही ऐकू येते. दोघांच्या उपासनेत फरक एवढाच, की आजीने त्यासाठी पहाटे साडेपाचला उठून लुगडे बदललेले असते.

कोणी म्हणेल, यात बिघडले काय? ऐकू तर येते! शिवाय आपल्या धर्मसभेचा नियम दयाळू आहे. आजारी आणि अशक्त माणसाला रविवारच्या मिस्सेचे बंधन नाही. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर किंवा नेमलेले सेवक घरी येऊन कम्युनियन देतात. ही सेवा मोठी आहे आणि ती करणाऱ्यांविषयी मला आदर आहे. अंथरुणाला खिळलेल्यांना तिच्यावाचून आधार नाही. परंतु जो माणूस घरातून चर्चच्या अंगणापर्यंत येऊ शकतो, तो आजारी नव्हे. त्याला अडवते ते दुखणे नव्हे, जोते आहे. ‘तुम्हांला माफ आहे’ असे त्याला सांगणे म्हणजे त्याने न मागितलेली सवलत त्याच्या पदरात बांधून मागितलेली गोष्ट नाकारणे होय. आजीला मी एकदा विचारले, आत आणि बाहेर असा काय फरक पडतो? ती म्हणाली, “बाहेर बसलं की मिस्सा ऐकू येते. आत बसलं की आपण मिस्सेत असतो.” ईशज्ञानाचे ग्रंथ मी वाचलेले नाहीत, पण माझ्या समजुतीप्रमाणे ते याहून वेगळे काही सांगत नसावेत.

२०२० साली टाळेबंदी आली तेव्हा मार्च ते नोव्हेंबर महाराष्ट्रातली सगळी प्रार्थनास्थळे बंद होती. पाडव्याच्या दिवशी, १६ नोव्हेंबरला, ती उघडली. २०२१च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला, पुन्हा उघडली. त्या काळात आम्ही सर्वांनी मोबाइलवर मिस्सा पाहिली. टेबलावर मेणबत्ती लावून, मोबाइल डब्याला टेकवून, सगळे कुटुंब समोर बसायचे. दुसऱ्याच महिन्यात सगळ्यांची तक्रार सुरू झाली : हे खरे नव्हे, यात समाधान नाही, चर्च कधी उघडणार? धडधाकट माणसांना ती उणीव दीड वर्षही सोसवली नाही. दारे उघडल्यावर आम्ही धावत आत गेलो, आणि ज्यांना पायऱ्या चढता येत नव्हत्या त्यांना सांगू लागलो, तुमच्यासाठी मोबाइलवर सोय आहेच. जी गोष्ट आम्हांला पुरली नाही ती त्यांना पुरावी, हा कुठला हिशेब?

राज्यशास्त्राच्या तासाला आम्हांला दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा होता. १९९५च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात एकवीस झाले, एवढे परीक्षेपुरते सगळे पाठ करतात. मी त्यातली ‘सार्वजनिक इमारत’ या शब्दांची व्याख्या वाचली आणि थबकले. सरकारी वा खासगी, जनसामान्यांच्या वापरातली इमारत, आणि त्यात शिक्षण, व्यापार, आरोग्य यांच्याबरोबर धार्मिक कामासाठी वापरली जाणारीही. म्हणजे मंदिर, मशीद, चर्च, विहार सगळे आले. कायदा १९ एप्रिल २०१७ रोजी अमलात आला, नियम त्याच वर्षी जूनमध्ये निघाले आणि अस्तित्वात असलेल्या इमारतींना सुगम होण्यासाठी नियमांपासून पाच वर्षांची मुदत होती. ती २०२२ साली सरली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या नियमांतले सुगमतेचे कलम कायद्याशी विसंगत ठरवले. कारण जे बंधनकारक असायला हवे ते नियमांत नुसत्या शिफारशीसारखे लिहिले होते. न टाळता येणारी प्रमाणे तीन महिन्यांत ठरवा, असा आदेश न्यायालयाने केंद्र सरकारला दिला.

वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. आपल्याच चर्चवर खटला भरावा असे मी सुचवत नाही. देवाच्या दारी जायला कोर्टाचा कागद लागावा याची मला लाजच वाटेल. पण आमच्याकडे हा विषय निघाला की ‘दयाबुद्धीने काहीतरी करू’ असा सूर लागतो, म्हणून सांगितले. हा दयेचा प्रश्न नाही.

मग प्रश्न येतो वास्तूचा. आमच्या धर्मग्रामाच्या सभेत दोन वर्षांपूर्वी उताराचा विषय निघाला होता. त्या वेळी एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले की, इतक्या जुन्या दर्शनी भागाला उतार जोडला तर चर्चचे रूप जाईल. सभेत माना डोलल्या. विषय पुढच्या सभेवर गेला आणि पुढच्या सभेत वेळ पुरला नाही. त्या गृहस्थांचा हेतू मला वाईट वाटत नाही. जुन्या वास्तूवर प्रेम करणारी माणसे आपल्याकडे आधीच थोडी. परंतु याच दर्शनी भागासमोर दर पावसाळ्यात पत्र्याची शेड उभी राहते, सणाला त्यावर खिळे ठोकून विजेच्या माळा सोडल्या जातात, आणि मागे एका दुरुस्तीत चुन्याच्या जुन्या भिंतींना सिमेंटचा गिलावा फासला गेला. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. तिला सिमेंटने कोंडले की ओल आतच राहते, पापुद्रे सुटतात आणि दगडाचेही नुकसान होते. आमच्या चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीवर ते पापुद्रे कोणीही जाऊन पाहावेत. तेव्हा कोणाला रूप आठवले नाही. रूप आठवते ते फक्त आजीच्या खुर्चीची चाके दारात आली की!

आणि चर्च बदललेच नाही असे थोडेच आहे? दादरचे पोर्तुगीज चर्च १५९६ सालचे म्हणून ओळखले जाते. पण आज तिथे उभी असलेली इमारत चार्ल्स कोरिया यांनी १९७०च्या दशकात रचलेली आहे. ती पाहून नाके मुरडणारे आजही आहेत, पण ते चर्च दादरचेच राहिले. याहून मोठा बदल तर आमच्या आजीच्या डोळ्यांदेखत झाला. तिच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. फादर वेदीकडे तोंड आणि लोकांकडे पाठ करून उभे राहत. लोक माळ जपत बसत आणि घंटी वाजली की मान लववत. लॅटिन उत्तरे आजीला अजून पाठ आहेत. त्यांचा अर्थ तिला तेव्हाही ठाऊक नव्हता, आताही नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि लोकभाषांना वाट मोकळी झाली. हळूहळू वसईत मराठीत मिस्सा सुरू झाली, वेदी लोकांच्या बाजूला आली, फादरांचे तोंड दिसू लागले. चारशे वर्षांची रीत मोडते म्हणून त्या वेळीही माणसे हळहळली असणारच. आज मराठीतली मिस्सा हाच आमचा वारसा झाला आहे आणि आम्ही तो शहरातल्या इंग्रजीपासून जपायला धडपडतो. माझ्या मते तो बदल आणि मी मागते तो बदल एकाच जातीचे आहेत. तेव्हा कानांपुढची पायरी काढली. आता पायांपुढची.

मी आणि माझी मैत्रीण, आम्ही दोघींनी एका शनिवारी दुपारी टेप घेऊन मोजमाप केले. (मैत्रीण हिंदू. ती म्हणाली, “आमच्याकडेही हेच आहे गं.” ते खरेच आहे. वसईच्या विजयानंतर चिमाजीआप्पांनी वज्रेश्वरीला जे देऊळ बांधून नवस फेडला, त्याच्याही पायऱ्या बावन्न. विरारला जीवदानीच्या डोंगरावर मात्र रोपवे झाला आणि देवीचे माहात्म्य कमी झाल्याचे ऐकिवात नाही.) समोरच्या सात पायऱ्या सरासरी सहा इंचांच्या, म्हणजे चढ बेचाळीस इंच. चाकाची खुर्ची सुखाने चढावी यासाठी उताराचे मान एकास बारा धरतात; एक इंच चढायला बारा इंच लांबी. तेव्हा समोरून उतार करायचा तर तो बेचाळीस फूट लांब होईल, मध्ये विसाव्याचा सपाट भाग निराळा. ते अंगणातला दगडी क्रूस गाठेल. येथे त्या ज्येष्ठ गृहस्थांचे म्हणणे मला पटते. पण दक्षिणेच्या बाजूला एक दार आहे. तिकडचे अंगण पेव्हर ब्लॉक घालताना उंचावले गेले आणि आता तिथे उंबऱ्यापर्यंत चढ उरला आहे जेमतेम अठरा इंच. म्हणजे अठरा फुटांचा उतार. चार फूट रुंद, दोन्ही अंगांना कठडा, भिंतीला न चिकटवता सुटा बांधलेला, जेणेकरून उद्या कोणाला काढावासा वाटला तर मूळ दगडाला ओरखडाही न पडता काढता येईल. दार साडेतीन फुटांचे आहे. खुर्ची आरामात जाते. ते सध्या कायम बंद असते, कारण आतून त्याला जुनी बाके टेकवून ठेवली आहेत.

बाजूच्या दारावर माझ्या मैत्रिणीचा आक्षेप होता. अपंगांना बाजूने, बाकीच्यांना समोरून, हे बरे दिसते का? आक्षेप खरा आहे आणि मी त्याचा पुष्कळ विचार केला. त्यावर मला सुचलेला उपाय एवढाच, की ते दार सर्वांचे करावे. बाळाची गाडी ढकलणारी आई, जड पाट्या आणणारे फुलवाले, सायकल लावून तिकडूनच येणारे आम्ही, सगळ्यांनी त्या दाराने जावे. ज्या दाराने गाव जाते ते मागचे दार राहत नाही.

आत गेल्यावरही सगळे सुटत नाही. आमच्या बाकांच्या मधली वाट इतकी अरुंद आहे की, चाकाची खुर्ची तिथे उभी राहिली तर कम्युनियनची रांग अडते. म्हणून तिला पार मागे, पाणी भरलेल्या पिंपाशेजारी जागा मिळेल अशी भीती आहे. दोन-तीन ठिकाणची बाके अर्ध्याने कापली तर खुर्चीवाला माणूस आपल्या कुटुंबाशेजारी बसू शकेल. वाचन करायच्या चौथऱ्याला तीन पायऱ्या आहेत. तो खुर्चीवरचा मुलगा आमच्याच महाविद्यालयात शिकला, त्याचे मराठी वाचन आमच्या वॉर्डात सगळ्यांत स्वच्छ, आणि बायबलचे एकही वाचन त्याने आजवर चर्चमध्ये केलेले नाही. माइक खाली आणायला एक लांब वायर लागते. गायकवृंद दाराच्या वरच्या माळ्यावर बसतो. तिथला लाकडी जिना तर तरुणांनाही जपून चढावा लागतो. आवाजाचे म्हणाल तर कर्णे मोठे आणि शब्द पुसट. उंच छताखाली ते घुमतात. ज्यांना कमी ऐकू येते त्यांना प्रवचन म्हणजे नुसता गडगडाट. आणि ज्यांना मुळीच ऐकू येत नाही त्यांच्यासाठी हातवाऱ्यांची भाषा शिकलेला एकही माणूस आमच्याकडे नाही. केरळात २०२४ साली एका कर्णबधिर तरुणाला धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. आमच्या बालगटातल्या कर्णबधिर मुलीला पहिल्या कम्युनियनची तयारी तिच्या आईने एकटीने करून घेतली.

संडासाविषयी लिहू नये असे एका हितचिंतकाने मला सुचवले. वार्षिकांकात ते शोभत नाही म्हणे. पण न लिहिता काय करावे? चर्चचा संडास धर्मगुरूंच्या निवासामागे, दफनभूमीच्या भिंतीला लागून आहे. दोन पायऱ्या चढून जायचे, खाली बसायचे, धरायला काही नाही. नाताळची मध्यरात्रीची मिस्सा, गुड फ्रायडेची लांब उपासना, झावळ्यांच्या रविवारची मिरवणूक. अशा दिवशी आजी आदल्या दिवसापासून पाणी तोडते. तिच्या सगळ्या मैत्रिणी तेच करतात आणि एकमेकींना सांगतातही. कोणाला ते उपवासासारखे वाटते की काय कोण जाणे. मधुमेह असलेल्या बाया आहेत त्यांत.

पैसा नाही असे म्हणता येणार नाही. सणाला बँड येतो, आतषबाजी होते, मंडपाच्या कमानीवर गतवर्षी जेवढा खर्च झाला त्यात दोन्ही कामे होऊन वर कठड्याचे पैसे उरले असते. हे हिशेब वार्षिक सभेत वाचले गेले आहेत. अडचण पैशाची नाही, ती अशी आहे, की सभेला येतो तो पायऱ्या चढू शकणारा माणूस. सभा वरच्या मजल्यावरच्या सभागृहात होते! शिवाय आमचे प्रमुख धर्मगुरू काही वर्षांनी बदलतात. प्रत्येक जण मोठ्या उमेदीने येतो, एखादे काम हाती घेतो आणि ते संपता संपता त्यांची बदली होते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मागच्या एका फादरांची आठवण तर सगळे काढतात. कम्युनियनच्या वेळी ते स्वतः हातात पात्र घेऊन सात पायऱ्या उतरत आणि झाडाखालच्या प्रत्येकाजवळ जात. आत माणसे गाणे संपवून ताटकळत, आणि ताटकळू देत. आता ते काम सेवक करतात.

मार्काच्या शुभवर्तमानातली एक गोष्ट आमच्याकडे दरवर्षी वाचली जाते. पक्षाघात झालेल्या एका माणसाला चौघे खाटेवर घालून आणतात. येशू ज्या घरात आहे त्याच्या दारात इतकी गर्दी की आत जाता येत नाही. तेव्हा ते छपरावर चढतात, छप्पर उसकटतात आणि खाट आत सोडतात. या उताऱ्यावर मी आजवर पुष्कळ प्रवचने ऐकली. पापक्षमेवर, श्रद्धेवर, त्या चौघांच्या मैत्रीवर. पण दारातल्या गर्दीवर एकही नाही. ती गर्दी वाईट लोकांची नव्हती. भाविकच होते ते सगळे, ऐकायला आलेले, पुढे तोंड करून उभे. मागे कोण आले आहे हे त्यांनी वळून पाहिले नाही, इतकेच. आणि त्या घराचे छप्परही कोणाच्या तरी पैशाने, कोणाच्या तरी हौसेने बांधलेले असणार. त्याचे रूप गेले म्हणून येशू रागावल्याचे लिहिलेले नाही.

खाटेवरून आठवले. गेल्या वर्षी झाडाखालच्या खुर्च्यांतल्या दोघीजणी वारल्या. त्यांच्या अंत्ययात्रा मी पाहिल्या. सहा-सहा जणांनी शवपेटी खांद्यावर घेतली, सात पायऱ्या जपून चढले, मधल्या वाटेने थेट वेदीपाशी नेली. कोणाची रांग अडली नाही, वाट अरुंद पडली नाही. कित्येक वर्षांनी त्या आत आल्या होत्या. आजी त्या वेळीही बाहेर बसली होती. घरी येताना ती काही बोलली नाही. मीही बोलले नाही.

मोजमापाचा आमचा कागद, दक्षिण दाराचा आराखडा आणि गावातल्या एका गवंड्याने दिलेला अंदाज आम्ही गेल्या महिन्यात कार्यकारी मंडळाकडे दिला आहे. त्यावर झाडाखालच्या अकरा जणांच्या सह्या आहेत, दोन अंगठे आहेत. मैत्रिणीलाही सही करायची होती; तिला म्हटले, तू धर्मग्रामात नाहीस, तू टेप धर. पुढची सभा खालच्या मजल्यावर, बालवाडीच्या वर्गात घ्यावी अशी विनंती त्यात पहिल्या कलमात केली आहे. गवंडी म्हणतो, काम तीन आठवड्यांचे आहे. मात्र जोत्याचे दगड चुन्यात बसवायचे असल्याने ते मेअखेरीपर्यंत उरकले पाहिजे. एकदा पाऊस लागला की चुना सुकत नाही, मग थेट दिवाळीनंतर.